प्रवाहातील खळबळ आणि तिचे शमन
(हीरकमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



इंदूरच्या घरांत येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून निघते आणि विंध्याचा चढ चढून सुमारे 70 किलोमीटरचा प्रवास करते. ते वर उचलण्यासाठी लागणारी ऊर्जा अटळ आहे. पंपांच्या श्रमाचा दुसरा भाग मात्र नळाच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात खर्ची पडतो. विज्ञानाची झुंज आहे ती या भागाशी.

1883 साली मँचेस्टरचे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असता ती सुतासारखी सरळ राहिली. वेग वाढताच ती विस्कटली आणि पुढची नळी रंगून गेली. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची श्यानता यांवरून ठरणारा ‘रेनॉल्ड्स अंक’ सुमारे 2,000 पेक्षा कमी असेल, तर खळबळ आपोआप विरते. तो 10,000 असता प्रक्षुब्ध प्रवाहाचे घर्षण शांत प्रवाहाच्या सुमारे पाचपट होते. कारण भोवरे मधले वेगवान पाणी भिंतीकडे आणि भिंतीजवळचे मंद पाणी मध्याकडे नेत राहतात. मध्य आणि भिंत यांच्या वेगांतील तफावतीवरच हे भोवरे पोसले जातात.

1948 साली टॉम्स यांनी दाखवले की, दीर्घ रेणूंचे बहुवारिक अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी घर्षण घटते. अलास्काच्या तेलवाहिनीत 1979 पासून ही युक्ती वापरली गेली. पण तिने खळबळ मंदावते, संपत नाही.

2018 साली ऑस्ट्रियातील ब्यॉर्न होफ यांच्या गटाने उलटी वाट धरली. त्यांनी नळीतले पाणी फिरत्या पात्यांनी आणखीच ढवळले! त्यामुळे मध्य आणि भिंतीजवळचा भाग यांच्या वेगांतील फरक घटला, भोवऱ्यांचे अन्न तुटले आणि पुढे प्रवाह पूर्ण शांत झाला. घर्षण 90 टक्क्यांपर्यंत उतरले. शांत प्रवाह लहानसहान धक्के पचवतो. म्हणून एकदा शमलेली खळबळ मोठा धक्का बसेपर्यंत परतत नाही. 2023 साली याच गटाने हृदयासारखे ठोके आणि मध्ये विसावा देत पाणी ढकलले. घर्षण 27 टक्के आणि पंपाची ऊर्जा 9 टक्के घटली.

मात्र एक मीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी वाहिले, तर रेनॉल्ड्स अंक 10 लाखांच्या घरात जातो. प्रयोगशाळेतील यश तिथवर नेणे हे पुढच्या पिढीचे काम आहे. त्याची पहिली पायरी शाळेतच चढता येते. त्यासाठी पाण्याची टाकी, काचेची लांब नळी, एक तोटी आणि थोडी शाई एवढे पुरे. तोटी हळूहळू उघडावी आणि शाईची रेघ नेमकी कुठे मोडते, ते डोळ्यांनी पाहावे.