छप्पन्न गाणी आणि एक भिंत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चातुर्मासात मंडळाने प्रत्येकीला एक नेम धरायला सांगितले होते आणि तो कसा पार पडला हे आज सांगायचे ठरले होते. कोणी पोथी वाचली, कोणी लक्ष वाती केल्या. मी गीतरामायण ऐकले. आषाढी एकादशीपासून रोज एक गाणे, ओळीने, मधले एकही न गाळता. ऐकून झाले की मनात येईल ते वहीत लिहायचे. ती वही घेऊनच मी उभी आहे.

गीतरामायण आपल्या सर्वांच्या कानांवरचे. रामनवमीला जुन्या शहरात कोठे ना कोठे लागतेच. पण पाच-सहा गाण्यांपलीकडे आपण जात नाही. एकूण गाणी 56 आहेत, हे मलाही मुलाने मोबाईलमध्ये भरून दिली तेव्हाच कळले. मी म्हटले, "अरे, हा तर छप्पन्न भोगच झाला!"

ही गाणी ग. दि. माडगूळकरांनी लिहिली व सुधीर फडक्यांनी त्यांना चाली लावल्या. दोघांचाही जन्म 1919 चा. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पहिले गाणे लागले. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक. बेत 52 गाण्यांचा होता, पण त्या साली अधिक महिना आला म्हणून चार वाढली. अधिक महिना जावयाला वाण देतो तसा रसिकांनाही देऊन गेला म्हणायचा! रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, असे जुनी माणसे सांगतात. आकाशवाणीवर गाणारे पुष्कळ होते. माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकर होत्या, आणि आपल्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडेही होते. माझ्या मोबाईलमधली मात्र सगळी बाबूजींच्या एकट्याच्या गळ्यातली. आणखी एक सांगते. माडगूळकर मॅट्रिक नापास झालेले होते. हे कळल्यावर माझी भीड निम्मी गेली.

आता माझ्या वहीकडे वळते.

पहिल्या दिवशी लिहिले आहे : "दूध उतू गेले." दोन मुले रामापुढे त्याचीच कथा गातात आणि ती आपलीच मुले हे बापाला ठाऊक नाही. त्या विचारात मी गॅसकडे पाहायचे विसरले.

तिसऱ्या दिवसाचे पान कोरे आहे. ते का, हे सांगण्यासाठीच मी आज बोलायला उभी राहिले.

ते गाणे कौसल्येचे आहे. राणी आहे, कशाची वाण नाही, पण कूस रिकामी आहे. वेलीला फूल आले तरी तिचा जीव कासावीस होतो. ते ऐकता ऐकता माझा हातातला घास हातातच राहिला. आमच्या वाड्याची नऊ वर्षांपूर्वी वाटणी झाली. एका खोलीवरून बोलणे वाढले आणि मी माझ्या धाकट्या जावेला म्हणाले, "तुम्हाला कशाला हवी जास्तीची खोली? मागे कोण आहे?" ती काही बोलली नाही. आठ दिवसांत मध्ये भिंत उभी राहिली. तेव्हापासून दोघी जावा एका नळावर पाणी भरतो, पण शब्द नाही. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की, वाटणीमुळे बोलणे बंद झाले. त्या दिवशी मला कळले की, माझ्या बोलण्यामुळे झाले. पण हे वहीत लिहिण्याचे धैर्य झाले नाही.

नेम धरला होता, म्हणून पुढची गाणी ऐकत गेले. नावाडी रामाला गंगेपार नेतात ते गाणे मला फार आवडले. मला आपली मोर्णा आठवली. 2018 साली सारे अकोले जलकुंभी काढायला नदीत उतरले होते, तेव्हा आपणही गेलो होतो. पाण्याच्या काठी माणसे एकमेकांना हात देतात, हे खरे.

एकविसाव्या दिवशी मला ताप भरला. गाणे लागले नाही. दहाच्या सुमारास दाराची कडी वाजली. पाहते तो जाऊबाई उंबऱ्याबाहेर उभ्या. म्हणाल्या, "आज काऊन गाणं नाही लावलं?"

भिंतीला कान असतात म्हणतात, पण भिंतीपलीकडे वीस दिवस कोणी कान लावून बसले असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. म्हणजे कौसल्येचे गाणेही तिने ऐकले होते. मी म्हटले, "अंगात ताप आहे." ती आत आली, चहा केला, आणि न बोलता गेली. मला तेव्हाही क्षमा मागता आली नाही. जीभ वाईट बोलायला जितकी सैल असते, तितकीच चांगले बोलायला जड असते.

पुढे भरताची गाणी आली. भरत सैन्य घेऊन येताना दिसतो आणि लक्ष्मण धनुष्याला हात घालतो. त्याला वाटते, हा मारायला आला. आणि तो तर रामाला परत न्यायला आलेला! आम्ही दोघी आता एकत्र बसून ऐकत होतो. हे गाणे संपल्यावर मी तिचा हात धरला आणि म्हटले, "त्या दिवशी मी बोलले ते माझ्या तोंडून जायला नको होते." ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी ते विसरले नाही, जाऊबाई. विसरायचीही नाही. पण उद्याही येईन." एवढे पुरे होते.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी आल्या. त्या ढोलताशांत काय ऐकू येणार? ते गाणे आम्ही रात्री ऐकले. युद्धाच्या गाण्यांचा मला थोडा कंटाळा आला, हेही खरे सांगते. जाऊबाईंना मात्र हनुमंताची सगळी आवडली.

पंचावन्नावे गाणे सीतेचे, लक्ष्मण तिला वनात सोडतो तेव्हाचे. त्या दिवशी मी रामाला नमस्कार केला नाही. वहीत लिहिले आहे : "हे मला पटले नाही." माझी सासू असती तर रागावली असती. पण जाऊबाई म्हणाल्या, "लोक बोलले आणि घर मोडलं. बोलणारे आपापल्या घरी जेवून झोपले असतील." मी खाली मान घातली. ती माझ्याबद्दल बोलली नव्हती, पण मला लागायचे ते लागले.

छप्पन्नावे गाणे महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी झाले. नऊ वर्षे दोन चुलींवर दोन नैवेद्य होत होते. यंदा सोळा भाज्या दोघींनी मिळून चिरल्या. आंबील तिने केली, पुरण मी वाटले. दोघे भाऊ एका पंगतीला बसले, पण अजून मोजकेच बोलतात. त्यांना कोणती गाणी ऐकवावी, हे कोणी सांगितले तर बरे होईल! भिंत आहे तशीच आहे. पण तिच्यात एक दार पाडावे, असे आम्ही दोघींनी गवंड्याला विचारून ठेवले आहे.

भगिनींनो, 56 गाण्यांत 36 राग आहेत म्हणतात. मला त्यांतला एकही ओळखता येत नाही. मला माझा एक राग ओळखता आला, तो नऊ वर्षे जपलेला होता. तेवढ्यावर माझा नेम सुफळ झाला असे मी समजते.

वहीचे तिसरे पान परवा मी भरले. काय लिहिले ते जाऊबाईंना दाखवले आहे. त्या तिथे मागच्या रांगेत बसल्या आहेत.