ग्रंथालयाचं दार आणि काउंटरवरचा माणूस

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त ऑफिसशेजारच्या खोलीत ग्रंथालय सुरू करायचं ठरलं आहे. कपाटं आली, पुस्तकंही बऱ्याच घरांतून आली. मी आयुष्यभर सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून समितीने मला सांगितलं, "ताई, वाचनाचं महत्त्व यावर बोला." मी म्हटलं, वाचनाचं महत्त्व इथे सगळ्यांना पाठ आहे. मी दुसऱ्याच विषयावर बोलते. ग्रंथालयाचं दार कुणाला उघडायचं, आत आलेल्याशी कसं वागायचं आणि तिथे काम करणाऱ्याला कसं वागवायचं. हा विषय थोडा अडचणीचा आहे, पण पहिल्याच वर्षी बोललेला बरा.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडची ग्रंथालय चळवळ जुनी आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. ही लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली कामं. तिकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या जायच्या. वाचक येत नाही तर पुस्तकाने जावं, असा तो साधा विचार. आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यातला 'सार्वजनिक' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. सरकारमान्य ग्रंथालयाला कुणाची जात, धर्म विचारून दार लावता येत नाही.

डॉ. रंगनाथन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला अगदी साधा: पुस्तकं वापरण्यासाठी असतात, जपून ठेवण्यासाठी नाही. यात काय विशेष, असं वाटेल. पण युरोपात एके काळी पुस्तकं साखळीने कपाटाला बांधून ठेवत. आपण साखळी वापरत नाही, कुलूप वापरतो. किल्ली एकाकडे आणि तो गावाला गेलेला! तेव्हा पहिली विनंती ही, की किल्ली दोघांकडे असू द्या.

आता काउंटरवर येऊ. तिथे बसणाऱ्याला लोकांबद्दल खूप काही कळत असतं. कोण घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेतंय, कोण मधुमेहाचं, कोण नैराश्यावरचं. हे त्याने पोटात ठेवायचं. माझ्या नोकरीत असे प्रसंग कितीतरी आले. वडील यायचे, "आमची मुलगी काय वाचते ते जरा रजिस्टरमध्ये बघून सांगा." मुलगी कॉलेजला जाणारी, सज्ञान. मी म्हणायचे, "काका, तिलाच विचारा ना. ती सांगेल." काका रागवायचे. एकांनी तर वरिष्ठांकडे तक्रार केली. पण मुलीने विश्वासाने पुस्तक नेलं असेल तर तो विश्वास मोडायचा अधिकार मला नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल दिला. ग्रंथपालाने हे त्याआधीपासून पाळायचं असतं.

म्हणून आपल्याकडे कोणी कोणतं पुस्तक नेलं याचं रजिस्टर टेबलावर उघडं नको. आणि उशीर झालेल्यांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मेंटेनन्स थकलेल्यांची यादी लिफ्टशेजारी लावायची आपल्याला सवय आहे, म्हणून सांगते. पुस्तक थकलं तर घरी फोन करावा. माणूस लाजला की पुन्हा ग्रंथालयात येत नाही.

दुसरं, पुस्तकांची निवड. कुणाला तरी एखादं पुस्तक खटकणारच. "हे आमच्या धर्माविरुद्ध आहे", "हे मुलांनी वाचण्यासारखं नाही", "हा लेखक अमक्या पक्षाचा". त्यावर तोंडी भांडण नको. आक्षेप लेखी घ्यावा आणि निवड समितीने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून मग ठरवावं. अनुभवाने सांगते, निम्मे आक्षेप इथेच संपतात, कारण आक्षेप घेणाऱ्यानेच पुस्तक वाचलेलं नसतं. ग्रंथपालाची स्वतःची मतं असतात, मलाही आहेत. पण ती पिशवीत घालून घरी ठेवायची. मला न आवडणारा लेखकही मी हसतमुखाने काढून द्यायचा.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. नोटीस बोर्डावर ग्रंथालयाच्या नियमांचा मसुदा लागला आहे. पहिलाच नियम आहे, 'सदर ग्रंथालय फक्त सदनिकाधारक सभासदांसाठी राहील.' मसुदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पुस्तकं हरवतील ही त्यांची भीती खरी आहे. पण या एका ओळीने कोण बाहेर राहतं ते पाहा. भाडेकरू बाहेर. म्हणजे सी विंगमध्ये राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी चार मुलं बाहेर, ज्यांना शांत टेबलाची गरज सगळ्यांत जास्त आहे. वॉचमनची मुलगी बाहेर. आपल्या घरी पोळ्या करणाऱ्या ताईंचा मुलगा बाहेर, जो आई येईपर्यंत जिन्यात बसून गृहपाठ करतो. आपलं ग्रंथालय खासगी आहे, कायद्याने कुणी आपल्याला विचारणार नाही. पण ज्यांच्या हातांवर ही सोसायटी रोज चालते त्यांना जिन्यातच बसवायचं का, हे आपण स्वतःला विचारायला हवं.

राहता राहिली पुस्तकं हरवण्याची भीती. ती मी नाकारत नाही. हरवतात. पण माझा अनुभव असा, की पुस्तकं हरवणारे बहुतेक वेळा चांगल्या घरातले, "देतो हो, देतो" म्हणणारेच असतात! उपाय साधा आहे. ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत त्याला एका सभासदाची शिफारस पुरे. अनामत परवडत नसेल तर तिथेच बसून वाचू द्या. पुस्तक बाहेर जात नाही, माणूस आत येतो.

आत येण्यावरून आणखी एक. त्या खोलीला दोन पायऱ्या आहेत. आपल्याकडे वॉकर घेऊन चालणारे किती आजी-आजोबा आहेत, मोजा. एक उतरंड बांधायचा खर्च फार नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बोलकी पुस्तकं ठेवता येतील. दृष्टिहीनांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकं मिळावीत म्हणून मराकेश करार झाला. तो संमत करणारा जगातला पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. आपल्या देशाने एवढं केलं, तर आपण एक उतरंड करू शकतो. आणि कपाटात मराठीबरोबर हिंदी, गुजराती, कन्नड पुस्तकंही असू द्या. त्या भाषा बोलणारी घरंही आपलीच आहेत.

शेवटचा मुद्दा, काम करणाऱ्यांचा. गावोगावची ग्रंथालयं कुणाच्या जिवावर चालतात? 2022 मध्ये सरकारने अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं. तरीही तेव्हा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 48 हजार रुपयेच ठरले, आणि त्यातले निम्मे पगारासाठी. महिन्याला हिशेब करा, दोन हजार. त्यात एक माणूस कुलूप उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं लावतो, नोंदी करतो आणि वाचकांची बोलणीही खातो. आपण वाचकांच्या हक्कांबद्दल भरभरून बोलतो, पण त्या माणसाला बसायला खुर्ची आहे का, बाई असेल तर स्वच्छतागृह आहे का, हे कोण पाहतं?

मी अशाही ठिकाणी काम केलं जिथे शिपायाला सगळे एकेरीत हाक मारत आणि त्याचा चहा वेगळ्या कपात येई. नाव सांगत नाही. पण त्या ठिकाणी वाचकांशीही लोक तसंच तुसडेपणाने वागत. आत जसं वारं, तसंच काउंटरवर. कर्मचाऱ्याला मान मिळाला तर तो वाचकाला मान देतो. महिलांच्या छळाविरुद्धचा 2013 चा कायदाही लक्षात ठेवा. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, तिथल्या बाईला आणि घरकाम करणाऱ्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती नोटीस बोर्डावर लावा, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आपण ग्रंथालयासाठी संध्याकाळी दोन तास बसायला एक मुलगी ठेवणार आहोत. तिला मानधन ठरलेल्या तारखेला द्या, आठवड्याची सुट्टी द्या आणि तिला "ए" म्हणून हाक मारू नका. ती 'ग्रंथपाल' आहे. दारावर तशी पाटी लावा.

पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. त्यात पहिला नियम मतदानाला येईल. माझी सूचना मी लेखी दिली आहे: 'फक्त सदनिकाधारक सभासदांसाठी' हे शब्द काढून 'सोसायटीत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या सर्वांसाठी' असे शब्द घालावेत. ज्यांना पटत नाही त्यांनी सभेला जरूर यावं आणि विरोधात बोलावं, मी ऐकेन. पण ज्यांना पटतं त्यांनी घरी बसून "हो, बरोबर आहे" म्हणू नये. कोरम पूर्ण होत नाही म्हणून आपल्या किती सभा अर्धा तास तहकूब झाल्या हे सचिवांना विचारा. त्या दिवशी वेळेवर या, हात वर करा.

एवढंच सांगायचं होतं.