घराची साफसफाई : काही नेहमीच्या चुका

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली म्हणजे पुण्या-मुंबईच्या घरांतून साफसफाईला जे उधाण येते, त्यात उत्साहाची उणीव कधीच नसते. माळ्यावरची पातेली खाली उतरतात, गाद्या गच्चीवर जातात, पंख्याला शिडी लागते आणि दुपारपर्यंत घरातील निम्मी मंडळी शिंकू लागतात. शिंका आल्या याचा अर्थ इतकाच की, धूळ घराबाहेर न जाता नाकात गेली. कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ नाहीशी होत नाही. तिच्यातील जड कण लवकर खाली बसतात. बारीक कण मात्र बराच वेळ हवेत तरंगत राहून सायंकाळी पुन्हा त्याच कपाटावर येऊन बसतात. घरात दमेकरी असल्यास त्याची ती रात्र बसून जाते. फडके किंचित ओले करून घ्यावे आणि काम वरून खाली करीत यावे: आधी पंखा, मग कपाटे, सर्वांत शेवटी फरशी. फरशी लख्ख पुसून झाल्यावर पंख्याची आठवण होणारी घरे थोडी नाहीत.

परंतु या चुकीने श्रम वाया जातात व एखाद्याला त्रास होतो, एवढेच. मोरीत आणि शौचकूपात होणारी चूक निराळ्या जातीची आहे.

तिचा आरंभ बहुधा निराशेतून होतो. गृहिणी काळवंडलेल्या मोरीत ब्लीचिंग पावडर टाकते, लगेच घासून पाहते आणि डाग जसाच्या तसा राहिलेला पाहून पावडरच भेसळीची ठरविते. वास्तविक दोष पावडरीचा असतोच असे नाही. मोरीत साबणाचा, तेलाचा व अन्नाचा चिकट थर असला, तर पावडरीचे बरेचसे बळ त्या थराशी झगडण्यातच खर्च होते. म्हणून तो थर आधी साबणाने घासून, पाण्याने धुऊन काढला पाहिजे. त्यानंतर लावलेल्या पावडरीलाही दहा-पंधरा मिनिटांचा अवकाश द्यावा लागतो. डबा महिनोन् महिने उघडा पडलेला असला किंवा पावडर कढत पाण्यात कालविली, तर तिचा कस कमी होतो. हे ठाऊक नसले म्हणजे मनात येते, एकाने भागत नाही तर जोडीला दुसरे घालावे. आणि शौचकूपासाठी आणलेली आम्लाची बाटली जवळच असते!

ब्लीचिंग पावडर ही मुळात चुन्यात बांधून ठेवलेल्या क्लोरीन वायूसारखी आहे. हा वायू शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७४ साली प्रथम तयार केला, आणि तो चुन्यावर सोडून पावडर बनविण्याचे पेटंट स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली घेतले. तिच्यावर आम्ल पडले की हे बंधन सुटते व वायू मोकळा होतो. बाजारात मिळणाऱ्या द्रवरूप ब्लीचचेही तसेच होते. काच पुसण्याच्या ज्या द्रवांत अमोनिया असतो, ते ब्लीचमध्ये मिसळले असताही विषारी वायू उत्पन्न होतात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र शहरानजीक जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो क्लोरीनच होता. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने खंदकात उतरून साचला. आपल्याकडील मोरी म्हणजे तरी काय? तीन हातांची बंद खोली, वर एक झरोका आणि जमिनीशी उकिडवे बसून घासणारे माणूस. वायू जेथे साचतो, नेमके तेथेच त्याचे तोंड असते.

पुष्कळ घरांत ते माणूस म्हणजे कामाला येणाऱ्या बाई. बाटलीवरील बारीक अक्षरे त्यांना कोणी वाचून दाखविलेली नसतात. ‘जरा दोन्ही टाकून चांगले घासा’ अशी आज्ञा तेवढी मिळते. आज्ञा देणारे बाहेर दिवाणखान्यात असतात.

आम्लाविषयी आणखी एक गोष्ट. ते शौचकूपाच्या चिनी मातीच्या भांड्याला सोसते. शहाबादी, कडप्पा वा संगमरवरी फरशीला सोसत नाही. हे तिन्ही दगड चुनखडीच्या कुळातले. आम्ल पडताच फेस येतो, आणि मळ निघाला असे पाहणाऱ्यास वाटते. निघतो तो दगडच. फरशी खरबरीत होते व पुढल्या खेपेस मळ अधिक धरते.

तेव्हा एका जागी एका वेळी एकच वस्तू वापरावी. दुसरी वापरणे भागच असेल, तर पहिली भरपूर पाण्याने धुऊन गेल्यावर, शक्य तर दुसऱ्या दिवशी. दार सताड उघडे असावे. इतके करूनही उग्र वास येऊन डोळे चुरचुरू लागले, घशात ठसका बसला, तर बादली, ब्रश सारे तेथेच टाकून मोकळ्या हवेत यावे. बादली उचलण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये. डोळे साध्या पाण्याने बराच वेळ धुवावेत. त्या वेळी बरे वाटले तरी फुप्फुसांना बसलेला धक्का काही तासांनी जाणवू शकतो; म्हणून खोकला राहिला किंवा धाप लागली, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या दोन वस्तू एकत्र झाल्या, हे त्यांना प्रथम सांगावे.