विलंब मोजा, आणि मोजलेला सांगा



तुमच्यापैकी काही जण हे भाषण ट्रान्झिस्टरवर ऐकत असतील, काही जण मोबाइलच्या ॲपवर. एकाच घरात दोन्ही लावून बघा. ट्रान्झिस्टरवर माझं वाक्य संपत आलेलं असतं तेव्हा ॲपवर ते सुरूही झालेलं नसतं. आवाज दोन्हीकडे स्वच्छ, शब्द तेच, पण मध्ये काही सेकंदांचं अंतर. हा विलंब. तरुण मंडळी याला लॅग म्हणतात, कंपन्यांच्या कागदावर तो लेटन्सी असतो. आज मला मिळालेली दहा-बारा मिनिटं मी या एकाच गोष्टीला देणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. निरोप एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायला किती वेळ लागतो, हे मोजलं पाहिजे. आणि मोजलेलं दुसऱ्याला सांगितलं पाहिजे, म्हणजे शेजारच्या कंपनीच्या नेटवर्कला आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकालाही. पहिलं काम आपण बऱ्यापैकी करतो. दुसऱ्यात मागे आहोत. म्हणून मी आज पुन्हा पुन्हा त्या दुसऱ्या कामाकडे येणार आहे.

आधी एक गफलत दूर करू. नेट कसं आहे विचारलं, की आपण सांगतो, शंभर एमबीपीएसचं आहे. प्रश्न उशिराचा असतो आणि उत्तर आपण भलतंच देतो. गावातली पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. गिरणी तासाला किती किलो दळते, हा तुमचा एमबीपीएस. पण स्वयंपाकघरात परात घेऊन बसलेल्या बाईला त्याच्याशी काय करायचं आहे? पोराला दळण घेऊन धाडलं, ते पीठ घेऊन परत कधी येणार, एवढंच तिला हवं असतं. त्या वेळाचे भाग पाडा. घरापासून गिरणीपर्यंतची चाल. तिथे आधी नंबर लावलेल्या डब्यांची रांग. मग प्रत्यक्ष दळायला लागणारा वेळ. गिरणीवाल्याने मोठी मोटर बसवली तर दळण लवकर होईल, रांगही भराभर सरकेल. पण घर आणि गिरणी यांच्यातला रस्ता एका पावलानेही कमी होणार नाही.

आपल्या तारांतही तसंच आहे. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, पोकळीतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. म्हणजे 1000 किलोमीटरला 5 मिलिसेकंद. मुंबई ते नागपूर तारेची लांबी 850 किलोमीटर धरली, तर एका बाजूने सव्वाचार मिलिसेकंद. कुठलीही कंपनी, कितीही महाग प्लॅन घ्या, यात सूट नाही. भूस्थिर उपग्रह तर विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर. निरोप वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जातो. परदेशातल्या नातेवाइकांशी उपग्रहामार्गे फोनवर बोललेल्यांना आठवत असेल, दोघं एकदम बोलायला लागायचे आणि मग दोघंही एकदम गप्प व्हायचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी. 114 नावाची शिफारस आहे. एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणं सुरळीत होतात, आणि 400 च्या पलीकडे तर नेटवर्कची आखणीच करू नये, असं ती सांगते.

म्हणजे चाल ठरलेली, रांग बदलती. सकाळी लवकर गेलात तर गिरणी रिकामी असते, सणाच्या आदल्या दिवशी डब्यांना ओटा पुरत नाही. म्हणून विलंब एका आकड्यात मावत नाही. कमीत कमी किती, साधारण किती आणि वरखाली किती होतो, हे तिन्ही हवेत. सरासरी एकटी सांगितली, तर ती व्हिडिओवर गणित शिकणाऱ्या मुलीच्या काही कामाची नाही. तिचा आवाज तुटतो तो या वरखाली होण्यामुळे.

आता मोजायचं कसं? डिसेंबर 1983 मध्ये माइक म्यूस या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅमरने पिंग नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्या संगणकाला हाक मारायची, ओ आली की मधला वेळ मोजायचा. आज गेम खेळणारी शाळेतली मुलंसुद्धा पिंग किती आहे ते सांगतात, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण पिंग जाण्यायेण्याचा वेळ देतो. त्याचा निम्मा केला की एका बाजूचा झाला, असं अनेक जण धरून चालतात. पोरगं जाताना सरळ रस्त्याने गेलं आणि येताना डबा जड म्हणून ओढ्याला वळसा घालून आलं, तर निम्मं करून काय कळणार? इंटरनेटवर जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असणं ही रोजची गोष्ट आहे.

एका बाजूचा वेळ नीट हवा असेल, तर दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली हवीत. घरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आणि गिरणीतलं पाच मिनिटं मागे असेल, तर पोरगं निघण्याआधीच पोहोचल्याची नोंद होईल! घड्याळं जुळवण्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल बांधला, त्याचं पहिलं टिपण 1985 चं. पण तीही पद्धत दोन्ही बाजूंना सारखाच वेळ लागतो असं गृहीत धरते. बाजूंत फरक असला, तर त्या फरकाच्या निम्मी चूक घड्याळात शिरते. म्हणून जिथे काटेकोर मोजणी हवी, तिथे दोन्ही टोकांना उपग्रहाकडून वेळ घेणारी घड्याळं बसवतात. मोजणीची भाषाही ठरलेली आहे. एका बाजूच्या मोजणीची पद्धत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, दोन्ही बाजूंची 2008 मध्ये. म्हणजे मोजायची साधनं नाहीत, ही सबब कोणी सांगू नये.

मोजलं. आता सांगायचं. श्रोतेहो, माझा खरा मुद्दा इथे आहे. ज्याने मोजलं त्याला मार्ग निवडायचा नसतो. मार्ग निवडायचा असतो दूरच्या कोणाला तरी. मोजलेला आकडा त्याच्यापर्यंत गेला नाही, तर मोजणं आणि न मोजणं सारखंच.

पण सांगण्यातही शहाणपण लागतं, आणि हे शहाणपण एका जुन्या अनुभवातून आलेलं आहे. इंटरनेटचा पूर्वज आर्पानेट 1969 मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक केंद्र आपल्या अंदाजाचा विलंबतक्ता शेजाऱ्याला एका सेकंदाच्या आत पुन्हा पुन्हा पाठवायचं. अंदाज कशावरून? त्या क्षणी रांगेत किती पॅकेटं, म्हणजे निरोपाचे तुकडे, आहेत, त्यावरून. क्षणाची रांग ती, पुढच्या क्षणी नाहीशी होते. 1979 मध्ये ही रीत बदलली. प्रत्येक पॅकेटचा खरा विलंब मोजायचा, 10 सेकंदांची सरासरी काढायची, फरक लक्षणीय असेल तरच सगळ्या नेटवर्कला कळवायचं, आणि काहीच बदललं नाही तरी निदान मिनिटातून एकदा कळवायचं. फार चांगली सुधारणा होती ती. रहदारी कमी असताना उत्तम चालली.

गर्दी वाढली आणि वेगळंच घडलं. समजा गावात दोन गिरण्या आहेत, एक वरच्या आळीत, एक खालच्या. बातमी आली, खालची रिकामी आहे. सगळी आळी डबे घेऊन खाली. तिथे रांग लागली, वरची ओस पडली. ती बातमी पसरली, मग सगळे वर. दिवसभर डबे वरखाली फिरत राहिले आणि दोन्ही गिरण्या अर्धा वेळ रिकाम्या. आर्पानेटमध्ये अगदी असंच झालं. खबर खरी होती, पण सगळ्यांनी एकाच वेळी तिच्यावर उडी घेतली. 1987 मध्ये खन्ना आणि झिंकी या दोन इंजिनिअरांच्या दुरुस्तीने ते सावरलं. विलंबाचा आकडा एका वेळी किती चढावा-उतरावा याला त्यांनी मर्यादा घातली, आणि गर्दीची तार कितीही भरली तरी ती किती महाग समजायची यालाही मर्यादा घातली. मग सगळे एकदम पळेनासे झाले.

यातून काही जण उलटाच धडा घेतात. म्हणतात, बघा, सांगितलं की गोंधळ होतो. नाही हो! दर श्वासाला सांगितलं तर गोंधळ होतो. बेतानं सांगितलं तर गाडी रुळावर येते. गिरणीवाल्याने दर डब्याला दवंडी पिटू नये, पण मोटर जळली हे मात्र सांगायलाच हवं.

इंटरनेटचे नियम लिहिणारी मंडळी हे शिकली. ओएसपीएफ या मार्गनिवडीच्या पद्धतीत 2015 मध्ये आणि आयएसआयएस या तशाच दुसऱ्या पद्धतीत 2016 मध्ये अशी सोय झाली, की प्रत्येक तारेचा एका बाजूचा विलंब, त्याची किमान-कमाल, त्याची वरखाली आणि किती पॅकेटं गळतात, हे सगळ्या राउटरना, म्हणजे निरोपाला वाट दाखवणाऱ्या यंत्रांना, कळवता यावं. आकडा मायक्रोसेकंदांत असतो, त्याला 24 बिटांची जागा आहे, म्हणजे पावणेसतरा सेकंदांपर्यंतचा विलंब त्यात मावतो. आणि सोबत ताकीदही आहे, की हे आकडे गाळून, सपाट करून, बेतानं कळवा.

मग अडलंय कुठे? ही सगळी सोय एका कंपनीच्या कुंपणाच्या आतली आहे. कुंपण ओलांडलं की बीजीपी नावाची पद्धत लागते. सगळ्या जगाची नेटवर्कं तिच्यावर जोडलेली आहेत, आणि ती मार्ग निवडताना विलंब विचारतच नाही. वाटेत किती नेटवर्कं लागतात आणि कोणाचा कोणाशी काय करार आहे, एवढंच ती बघते. तीन नेटवर्कांचा छोटा मार्ग सोडून दोन नेटवर्कांचा लांबचा मार्ग ती खुशाल पकडेल. शेजारच्या कंपनीने मोजलेला आकडा कुंपणापलीकडे येतच नाही.

याची किंमत आपण मोजलेली आहे. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधला निरोप एके काळी परदेशात जाऊन परत यायचा. समोरच्या इमारतीतल्या माणसाला पाठवलेली चिठ्ठी समुद्र ओलांडून यायची! ते थांबवायला 2003 मध्ये निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, उभी राहिली. देशातली रहदारी देशातच एका ठिकाणी एकमेकांना देता यावी, हा तिचा हेतू. फार मोलाचं काम. पण अजूनही जी कंपनी जवळच्या अदलाबदलीच्या ठिकाणी शेजाऱ्याला भेटत नाही, तिच्या ग्राहकाचा निरोप लांबून फिरून जातो, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो.

उलट, नीट सांगितलं तर काय होतं तेही बघा. सप्टेंबर 2025 मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या. त्यातल्या सी-मी-वी 4 आणि आयमीवी या दोन्ही आपल्या मुंबईला येणाऱ्या. रहदारी दुसऱ्या मार्गांवर वळवली गेली. तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांना जाहीरपणे कळवलं, की मध्यपूर्वेतून जाणाऱ्या रहदारीला जास्त विलंब लागेल. तार लगेच जोडली गेली नाही, समुद्रातली दुरुस्ती सावकाशच होते. पण ज्यांची कामं त्या मार्गावर होती त्यांना आपली व्यवस्था लावता आली. एवढंच माझं मागणं आहे. उशीर होणार असेल तर होऊ दे, पण किती, ते सांगा.

कंपन्यांतल्या तरुण इंजिनिअरांना मी थोडं रागावूनच सांगतो. तुमच्या नियंत्रणकक्षात भिंतभर पडदे आहेत, त्यांवर प्रत्येक तारेचा विलंब दिसतो. तो शेजारच्या कंपनीच्या नियंत्रणकक्षाला का दिसू नये? धंद्याचं गुपित म्हणता? पिंग आणि वाटेतले टप्पे दाखवणारा ट्रेसराउट चालवणारा कॉलेजचा विद्यार्थी त्यातलं निम्मं घरबसल्या काढतो. मग जे अर्धवट आणि चुकीचं बाहेर कळतंच, ते नीट आणि पूर्ण का कळू नये? दूरसंचार नियामक ट्रायच्या 2024 च्या सेवागुणवत्ता नियमांत विलंबाला जागा दिलेली आहे, हे चांगलं झालं. पण नियमापुरता एक आकडा भरून मोकळं होणं वेगळं, आणि दोन नेटवर्कांच्या सांध्यावर दोघांनी मिळून मोजणं वेगळं. पुष्कळदा उशीर सांध्यावर होतो, आणि सांधा कोणाचाच नसतो.

अजून एक मोठा विषय राहतोय. पॅकेट नाकारायचंच नाही, सगळं रांगेत घ्यायचं, असा हट्ट घरच्या राउटरपासून सगळीकडे आहे. दळण ठेवून जा, ठेवून जा म्हणणाऱ्या गिरणीवाल्यासारखा. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास यावर बोट ठेवलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी उपाय सांगितला, की रांगेची लांबी बघू नका, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते बघा. पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त ताटकळणं टिकून राहिलं तर… पण वेळ थोडाच उरलाय, ते राहू दे. कधी तरी सवडीने.

जाता जाता तुमच्यासाठी काम. नेट स्लो आहे, एवढीच तक्रार यापुढे करू नका. ती कोणालाही झटकता येते. घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर त्याच्याकडून पिंग चालवून घ्या, सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. कुठपर्यंतचा पिंग घेतला, कमीत कमी किती आला, जास्तीत जास्त किती, कोणत्या वेळी, हे कागदावर उतरवा आणि तक्रारीला जोडा. शेजारी दुसऱ्या कंपनीचं नेट असेल, तर त्यांचेही आकडे घ्या आणि तुमचे त्यांना द्या. कंपन्या एकमेकींना सांगत नसतील तर ग्राहकांनी सांगायला सुरुवात करू. आकडे मागणारे ग्राहक वाढले, की आकडे देणाऱ्या कंपन्याही वाढतील.