सिंफनी ऐकताना

(बंगळुरू येथील इलेक्ट्रॉनिक सिटीतील मराठी वाचकांसमोर दिलेले भाषण)



पाश्चात्त्य संगीतावरील एका ग्रंथाचे भाषांतर करीत असताना ‘हार्मनी’ या शब्दापाशी माझी लेखणी अडली. प्रथम मी ‘सुसंवाद’ असा प्रतिशब्द योजला होता. परंतु संगीतात संवाद म्हटले, की आपणांस वादी-संवादी स्वर आठवतात. हार्मनीचा अर्थ निराळा आहे. निरनिराळे स्वर एकाच क्षणी एकत्र उमटणे, ही ती कल्पना होय. अखेर मी मूळ शब्दच ठेवला आणि त्याचा अर्थ उलगडून सांगितला.

भाषांतरकाराची ही अडचण श्रोत्याचीही असते. रागसंगीत ऐकताना आपण एका कलावंताच्या मागोमाग जातो. वाद्यवृंदासमोर कोणाच्या मागे जावे हेच उमगत नाही. मग ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून आपण उठतो.

सिंफनीचा परिचय लंडनच्या सामान्य श्रोत्यालाही करून द्यावा लागला होता. १० ऑगस्ट १८९५ रोजी रॉबर्ट न्यूमन यांनी क्वीन्स हॉलमध्ये उन्हाळी संगीतमाला सुरू केली. वाद्यवृंदाची सूत्रे हेन्री वुड यांच्याकडे होती. उभ्याने ऐकणाऱ्यास एक शिलिंग पुरे. आरंभी सोप्या रचना आणि हळूहळू थोर कृती, असा न्यूमन यांचा क्रम होता. ‘प्रॉम्स’ या नावाने हा महोत्सव आजही भरतो, आणि उभ्याने ऐकण्याची स्वस्त तिकिटे आजही मिळतात.

आपणही अशीच सोपी पायरी शोधू. १७८८ च्या उन्हाळ्यात मोत्सार्टने तीन सिंफनी रचल्या. त्यांतील शेवटची, पुढे ‘ज्युपिटर’ नावाने प्रसिद्ध झालेली, १० ऑगस्टला पूर्ण झाली. तिचे चार भाग आहेत: पहिला वेगवान, दुसरा संथ, तिसरा नृत्याच्या चालीचा आणि चौथा द्रुत. दोन भागांमध्ये टाळ्या न वाजवता थांबण्याचा आजचा संकेत आहे. चौथ्या भागाच्या प्रारंभी व्हायोलिनांवर चार दीर्घ स्वर येतात. आपल्या सरगमीत म्हणायचे तर: सा, रे, म, ग. एवढेच ध्यानात ठेवावे. ते या वाद्यावरून त्या वाद्यावर जाताना ऐकावेत. अखेरीस पाच स्वरवाक्ये एकाच वेळी गुंफली जातात. तोवर आपले बोट त्या चार स्वरांनी धरलेले असते.

हे संगीत आपल्या मातीत रुजू शकते काय, असे विचारले जाते. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून भारतीय रागांवरील रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. चित्रपटगीतांतील व्हायोलिनांच्या ताफ्यामुळे अनेक स्वर एकत्र ऐकण्याची सवय आपल्या कानांना केव्हाच जडली आहे. आता थोडा वेळ बसून ऐकण्याची तयारी मात्र हवी.

‘हार्मनी’ला नेमका मराठी शब्द मला अद्याप सापडलेला नाही. आपल्यापैकी पुष्कळजण ती ऐकू लागतील, तेव्हा तो शब्द त्यांच्याच बोलण्यातून येईल. तो मला अवश्य कळवावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.