तोंड येण्याची व्यथा

भोर तालुक्यांत वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण आहे. त्या बाजूच्या खेड्यांत भाकरीबरोबर ठेचा खातांना कोणी एकाएकीं कळवळला, म्हणजे वडील माणसें म्हणतात, "उष्णता झाली, तोंड आलें." एवढ्यावर बहुधा विचार थांबतो. परंतु ही व्यथा कोणाला व कां होते, हें जाणणें हिताचें आहे.

ढोबळ मानानें पांचांतील एका माणसास ही व्यथा वारंवार होते. ती बाळपणीं अथवा तारुण्याच्या आरंभीं सुरू होते आणि वय वाढतें तशी विरळ होत जाते. आईबापांस असल्यास मुलांस होण्याचा संभव अधिक. ओठांच्या व गालांच्या आंतल्या बाजूस किंवा जिभेच्या कडेस पिवळट पांढरा, भोंवतीं लाली असलेला लहानसा व्रण पडतो. तो फार झोंबतो आणि सामान्यतः सात ते चौदा दिवसांत आपोआप भरून येतो. ही व्याधि संसर्गजन्य नाहीं. मनाचा ताण किंवा दांत लागून झालेली जखम ही निमित्तमात्र होय. कित्येकांच्या शरीरांत लोह, फोलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व उणें असतें; म्हणून ज्याचें तोंड वरचेवर येतें, त्यानें रक्त तपासून घ्यावें.

एक गोष्ट विलक्षण आहे. तंबाखू ओढणाऱ्यांत हे व्रण कमी आढळतात. तंबाखूनें तोंडांतील नाजूक आवरण राठ होत असल्यामुळें असें घडत असावें. परंतु म्हणून तंबाखू हें औषध ठरत नाहीं. विडी, तंबाखू व मशेरी यांनीं तोंडाचा कर्करोग होतो. हा रोग व त्याच्या पूर्वावस्था शोधण्यासाठीं पुणे जिल्ह्यांतील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडें तपासण्यांत आलीं; डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग व त्यांचे सहकारी यांची ती पाहणी १९७२ सालीं प्रसिद्ध झाली.

यांतून घ्यावयाचा बोध साधा आहे. वारंवार येणारा व झोंबणारा व्रण बहुधा निरुपद्रवी असतो; कर्करोगाचा व्रण आरंभीं पुष्कळदां दुखतच नाहीं. म्हणून दुखो वा न दुखो, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरांस अवश्य दाखवावा. त्यास उष्णता समजून घरीं बसण्यांत जो काळ जातो, तोच पुढें प्राणांवर बेततो.