सोने गहाण पडले

मंडळी, परवा वर्गात एका आजीबाईंनी विचारले, "मास्तर, सरकारजवळ नोटांचा छापखाना आहे. मग परदेशाचं कर्ज फेडायला अडचण ती कसली?"

प्रश्न मोठा नामी आहे. आपल्या नोटा नाशिकला छापतात. पण त्या चालतात आपल्या मुलखात. परदेशी सावकार डॉलर मागतो, आणि डॉलर काही आपण छापू शकत नाही. आपला माल बाहेर विकला, परमुलखात कामाला गेलेल्या माणसांनी पैसे धाडले, तरच डॉलर हाती येतात. त्यातूनच तेल घ्यायचे आणि कर्जाचे व्याज, हप्ताही त्यातूनच द्यायचा.

1990 साली इराकने कुवेतवर स्वारी केली. तेल महागले. तिथली आपली माणसे घरी परतली, त्यांचे पैसे थांबले. डॉलर संपत आले. हप्ते मात्र टळेनात. परदेशी बँका नवे कर्ज देईनात. सावकार इथला असो की विलायतेचा, पत गेली की दार लावून घेतो!

शेवटी 1991 च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने मुंबईहून विमानाने इंग्लंडला धाडले. ते गहाण ठेवून 40 कोटी डॉलर मिळाले. घरातल्या पाटल्या सावकाराकडे जातात तेव्हा कसे वाटते, हे बायांना काय सांगावे? लोकांच्या मनाला फार लागले. पण हप्ता चुकू दिला नाही. सोने त्याच वर्षी सुटले.

आजीबाई म्हणाल्या, "बरं झालं. माझी बोरमाळ सुटायला सात वर्षं लागली."